एकवीस वर्षांचा मुसाफिर : इब्न बतूता

दहावी-बारावीचे निकाल लागले की नांदेड आणि लातूर या दोन्ही गावांत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला पुण्याला पाठवायचे की मुंबईला, मुलीला छत्रपती संभाजीनगरला ठेवायचे की इथल्याच एखाद्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा? उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूर इकडची मुले लातूर-नांदेडला येतात आणि इथली मुले आणखी पुढे जातात. गुण किती पडले, फी किती, वसतिगृह मिळेल का, हे सगळे विचारून झाल्यावर शेवटी एक प्रश्न उरतोच आणि तो बहुधा आई विचारते. एकटा जाईल कसा? मुलगी असेल तर हाच प्रश्न दहा वेळा विचारला जातो आणि पुष्कळदा तिथेच तिचे शिक्षण थांबते.

हा प्रश्न आजचा नाही. सातशे वर्षांपूर्वी मोरोक्कोतील तांजा नावाच्या बंदरगावात एका घरात तो विचारला गेला असणार. त्या घरातला मुलगा पुढे जगातील सर्वांत मोठा मुसाफिर म्हणून ओळखला गेला. त्याचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्न बतूता. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याची ओळख मुहम्मद बिन तुघलकाच्या प्रकरणात एक-दोन ओळींत आटोपते, त्यामुळे मुलांना तो दिल्लीच्या दरबारातला कोणी बडा पाहुणा वाटतो. पण तो घरातून निघाला तेव्हा कोणीही नव्हता, आणि पालकांनी व विद्यार्थ्यांनी ओळख करून घ्यावी तो हाच इब्न बतूता होय.

त्याचा जन्म १३०४ साली तांजा येथे झाला. घराणे काझींचे होते. मुलाने फिक्ह म्हणजे धर्मशास्त्र आणि कायदा शिकावा, काझी व्हावे, अशी घरची रीत. शिक्षण झाले, पण पुढचे मोठे शिक्षण कैरो-दमास्कससारख्या शहरांत होते आणि हजची ओढही होती. १४ जून १३२५ रोजी तो निघाला. इंग्रजी हिशेबाने वय २१ वर्षे, हिजरी हिशेबाने २२. आई-वडील दोघेही हयात होते. बरोबर कोणी सोबती नाही, कोणता काफिला नाही. आई-वडिलांपासून दूर होताना त्याला आणि त्यांना किती दुःख झाले हे त्याने पुढे तीस वर्षांनी आठवून सांगितले, यावरून ती सकाळ त्याच्या मनातून कधी गेली नव्हती असे दिसते.

एकटा निघाला खरा, पण फार काळ एकटा राहिला नाही. त्लेमसेन गावी पोहोचला तेव्हा ट्युनिसच्या सुलतानाचे दोन वकील त्याच दिवशी तेथून पुढे गेल्याचे समजले. त्यांच्या सोबतीने जावे असा सल्ला एकाने दिला. इब्न बतूता लगेच घोड्यावर बसून धावला नाही. त्याने इस्तिखारा केला, गावात तीन रात्री राहून आपली तयारी पुरी केली आणि मग वेगाने जाऊन मिलियाना येथे त्यांना गाठले. पण तेथे कडक उन्हाळ्याने ते दोघेही वकील आजारी पडले आणि त्यांतले एक पुढे वारले. तेव्हा त्याने ट्युनिसच्या काही व्यापाऱ्यांची सोबत धरली. सोबत शोधावी, चांगली शोधावी. पण ती सुटली तर दुसरी पाहण्याइतकी समज आपल्याकडे असावी. आपल्या गावचा एखादा मुलगा त्याच गाडीने जात असेल तर बरोबर जावे, मात्र तिकीट, ओळखपत्र, पत्ता हे सगळे त्याच्या पिशवीत ठेवून आपण मोकळ्या हाताने बसू नये.

बिजाया गावी त्याला ताप भरला. बरोबरच्या अबू अब्दुल्लाह अल-झुबैदी नावाच्या विद्वानाने बरे होईपर्यंत इथेच थांब म्हणून सांगितले. मुलगा ऐकेना. मरण यायचेच असेल तर हिजाजच्या वाटेवर येऊ दे, असा त्याचा हट्ट. तेव्हा त्या शहाण्या माणसाने वाद घातला नाही. त्याने त्याला आपले जनावर आणि जड सामान विकून टाकायला लावले, स्वतःकडचे जनावर आणि तंबू वापरायला दिला, आणि पुढची वाट लुटारूंची असल्याने हलके राहून झपाट्याने जायचे ठरवले. मुलाचा हट्ट मोडता येत नसेल तर त्या हट्टातून निदान धोका कमी कसा करावा, याचे हे उदाहरण पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सामानाच्या बाबतीत तर आपण सगळेच बिजायाच्या आधीचे इब्न बतूता. नांदेडच्या फलाटावर एका मुलाला पोहोचवायला सहा माणसे आणि सात नग असतात. गादी, बादली, लोणच्याची बरणी, चिवड्याचा डबा. सहा माणसे फलाटावर राहतात आणि सात नग मुलाबरोबर जातात. जे सामान एकट्याने उचलून जिना चढता येत नाही ते पहिल्या प्रवासात नेऊच नये. गादी-बादली पोहोचल्या गावी मिळते.

त्या तापाबद्दल मात्र मला इब्न बतूताचे वागणे पटत नाही. बिजायातून निघाल्यावर ताप वाढला, अंगात त्राण राहिले नाही. वाटेत थांबता येत नव्हते, म्हणून खाली पडू नये यासाठी त्याने पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराशी बांधून घेतले. पुस्तकात वाचायला हे शौर्याचे वाटते. त्याला मागे राहिला तर लुटले जाण्याची भीती होती. आजच्या मुलावर अशी वेळ नाही. अंगात ताप असताना रात्रीच्या गाडीने एकट्याने जाऊ नये, प्रवेशाची तारीख चुकेल असे वाटत असेल तर घरच्या कोणीतरी बरोबर जावे.

याच वाटेवर कॉन्स्टंटाईन शहराबाहेर रात्री मुसळधार पाऊस झाला. तंबूतून पळून जवळच्या घरांत आसरा घ्यावा लागला. सकाळी तेथील हाकिम भेटायला आला. या तरुणाचे मळलेले, भिजलेले कपडे पाहून त्याने ते धुवायला सांगितले, त्याच्या फाटक्या चादरीऐवजी चांगल्या कापडाची चादर दिली आणि तिच्या एका टोकाला सोन्याचे दोन दिनार बांधून ठेवले. प्रवासात कोणाकडून मिळालेली ही पहिली मदत. पुढे सुलतानांनी त्याला हजारो दिनार दिले, त्यांच्याबरोबर ही दोन दिनारांची गाठही त्याने नोंदवून ठेवली.

आणि मग ट्युनिस. काफिला शहराजवळ आला तेव्हा नगरातले लोक झुबैदींच्या आणि इतर प्रवाशांच्या स्वागताला बाहेर आले. जो तो आपल्या माणसाला सलाम करतो आहे, खुशाली विचारतो आहे, गळाभेटी चालल्या आहेत. या मुलाला ओळखणारे तेथे कोणीच नव्हते. कोणी त्याला सलाम केला नाही. इतके दिवस ताप, पाऊस, लुटारूंची धास्ती सोसलेला हा मुलगा तेथे उभ्या उभ्या रडू लागला. एका यात्रेकरूच्या ते लक्षात आले. तो पुढे झाला, सलाम करून त्याच्याशी गोड बोलू लागला आणि शहरात शिरेपर्यंत त्याने त्याची सोबत सोडली नाही. मग इब्न बतूता तेथील एका मदरशात उतरला.

पालक बंधु-भगिनींनो, एकट्याच्या पहिल्या प्रवासातील खरी कठीण जागा ही आहे. गाडीत बसेपर्यंत घरचे असतात, गाडीत शेजारचे प्रवासी असतात. पण पहाटे पुण्याच्या किंवा दादरच्या फलाटावर उतरल्यावर, ज्याला त्याला घ्यायला कोणी ना कोणी आलेले असते तेव्हा, लातूरचा मुलगा बॅग घेऊन उभा राहतो आणि त्याच्या घशात आवंढा येतो. यात लाजण्यासारखे काही नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवाशाचेही असेच झाले होते. मुलींचे तर होतेच, त्या फोनवर सांगत नाहीत एवढेच. अशा वेळी तो एक सलाम करणारा यात्रेकरू हवा असतो. आपल्या शाळेतून गेलेली मुले-मुली आज पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत शिकत आहेत, नोकरी करीत आहेत. प्रत्येकाने वर्षातून एकदा जरी स्टेशनवर जाऊन नव्या मुलाला वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचवले तर किती मोठे काम होईल! यासाठी ना फंड लागतो ना इमारत. नावे आणि फोन नंबर यांची एक वही शाळेत ठेवली की झाले.

ट्युनिसमध्ये तो सुमारे दोन महिने राहिला. तेथे ईद केली. आणि आश्चर्य असे की हजला जाणारा काफिला निघाला तेव्हा ज्याला कोणी सलाम केला नव्हता त्याच मुलाला त्या काफिल्याचा काझी नेमण्यात आले. शिकलेले होते म्हणून हे झाले. अंगावरचे कपडे मळतात, जनावर विकावे लागते. डोक्यातली विद्या कोणत्याही गावी जशीच्या तशी बरोबर येते. वाटेत त्याने एक लग्न केले, सासऱ्याशी बिनसले, ते मोडले आणि लगेच दुसरे केले. असो, या बाबतीत त्याचे अनुकरण करू नये.

१३२६ च्या एप्रिलमध्ये तो अलेक्झांड्रियाला आणि तेथून कैरोला पोहोचला. तांबडा समुद्र ओलांडून जवळच्या मार्गाने मक्केला जायचे ठरवून तो ऐधाब बंदरापर्यंत गेला, तर तेथे लढाई चाललेली आणि जहाजे बुडवलेली. तो मुकाट्याने परत फिरला आणि दमास्कसच्या मार्गाने गेला. आपली मुले एक गाडी चुकली की धावत्या गाडीच्या दांडीला लोंबकळतात. दुसरी गाडी असते.

दमास्कस येथे त्याने पाहिलेली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. एका गल्लीत एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. मालक मारील या भीतीने तो रडू लागला. लोक जमले. एकाने त्याला तुकडे गोळा करायला लावून भांड्यांच्या वक्फाच्या विश्वस्ताकडे नेले आणि तेथून त्याला तशीच नवी थाळी घेण्यापुरते पैसे मिळाले. फुटलेल्या भांड्यांसाठीसुद्धा वक्फ! मुसाफिरांच्या जेवणासाठी, कपड्यांसाठी, त्यांना घरी परत जाता यावे यासाठीही त्या शहरात वक्फ होते. सातशे वर्षांपूर्वी एक एकटा मुलगा एवढा दूर जाऊ शकला तो काही केवळ धाडसाच्या बळावर नव्हे. वाटेवर जागोजागी खानकाह, मदरसे, सराया होत्या आणि त्या चालवणारे लोक होते.

१३२६ मध्येच त्याचा पहिला हज झाला. घरी परत जाता आले असते. पण शक्यतो एकाच वाटेने दुसऱ्यांदा जायचे नाही, असा नियम त्याने केला होता. इराक, इराण, येमेन, आफ्रिकेचा पूर्व किनारा, तुर्कस्तान, कॉन्स्टँटिनोपल, मध्य आशिया असा फिरत तो सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदीवर आला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले आणि १२,००० दिनारांचे वर्षासन दिले. एवढे मिळूनही त्याच्या डोक्यावर ५५,००० दिनारांचे कर्ज झाले. दरबारात मोठ्या नजराण्यांसाठी सावकारांकडून उचल करायची आणि सुलतानाच्या बक्षिसातून फेडायची, अशी तेथील चालच होती. ते कर्ज शेवटी सुलतानाने भागवले. वसतिगृहातल्या मुलाचे मोबाईलवरचे झटपट कर्ज कोणताही सुलतान भागवत नाही.

१३४२ साली सुलतानाने त्याला आपला वकील म्हणून चीनला पाठवले. बरोबर शेकडो माणसे, घोडे, नजराणे होते. आणि तरीही तो एकटा पडला! दिल्लीपासून फार दूर नसलेल्या कोइल म्हणजे आजच्या अलिगढच्या परिसरात लुटारूंशी चकमक झाली, त्यात तो आपल्या माणसांपासून तुटला. लुटारूंनी त्याला पकडले, लुबाडले, आणि ठार मारण्यासाठी तिघांच्या हवाली केले. त्या तिघांना दया आली म्हणा किंवा भीती वाटली म्हणा, त्यांनी त्याला सोडले. मग आठ दिवस हा सुलतानाचा वकील झुडपांतून, ओढ्यांतून, पडक्या गावांतून उपाशी भटकत राहिला. बोरे आणि पाला खाल्ला. एका विहिरीवर दोर नव्हता, बादली नव्हती. त्याने पागोट्याच्या कापडाला पायातला बूट बांधून पाणी काढले. तो बूट सुटून विहिरीत पडला, तेव्हा दुसरा बांधला. शेवटी पाय चालेनात तेव्हा एक काळासावळा मुसाफिर भेटला. त्याच्या झोळीत थोडे हरभरे आणि भात होता. त्याने ते खाऊ घातले आणि याला पाठीवर घेऊन निघाला. इब्न बतूता शुद्धीवर आला तेव्हा तो एका वस्तीत होता आणि उचलून आणणारा निघून गेलेला होता. त्या माणसाने आपले नाव तेवढे सांगितले होते : दिलशाद.

या प्रसंगावरून मुलांना घाबरवण्याचा माझा हेतू नाही. अनोळखी माणूस लुटारूही असतो आणि दिलशादही असतो, हे दोन्ही खरे. म्हणून गाडीत कोणी दिलेला खाऊ-चहा घेऊ नये, पण अडचण आली तर गप्पही बसू नये. रेल्वेत १३९ आणि कोठेही ११२ हे नंबर पाठ असावेत. फोन हरवला तर काय, म्हणून घरचे, वसतिगृहाचे आणि एका नातेवाईकाचे नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत. ई-तिकीट असेल तर मूळ ओळखपत्र बरोबर हवेच.

येथून पुढे तो आपल्या मराठवाड्यात आला. उज्जैनवरून तो दौलताबादला पोहोचला, म्हणजे आपल्या देवगिरीला. नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसला ज्याचे नाव आहे तोच हा किल्ला. उंच खडकावरचा तो दुर्ग, वर चढण्याची चामड्याची शिडी रात्री ओढून घेतली जाते, तळातल्या कोठडीत मांजरीपेक्षा मोठे उंदीर आहेत, हे सारे त्याने नोंदवले. येथील द्राक्षे आणि डाळिंबे, जवाहिऱ्यांची श्रीमंती, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा खास बाजार यांचीही त्याने तारीफ केली. तेथून तो नंदुरबारला गेला आणि त्या भागातले मराठे लोक कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी असल्याचे, त्यांचे जेवण भात, भाजी आणि तिळाचे तेल असे साधे असल्याचे लिहून ठेवले. परक्या मुलखात गेलेला माणूस काय खातात, कसे राहतात हे नुसते पाहत नव्हता, त्याची आदराने दखल घेत होता.

पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना होनावर येथे त्याने मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा पाहिल्या. अशी गोष्ट आपण आणखी कोठेही पाहिली नाही, असे तो नमूद करतो. चौदाव्या शतकातला हा आकडा आहे, पालकांनी पुन्हा एकदा वाचावा.

कालिकत बंदरात मात्र मोठा घात झाला. नजराणे मोठ्या जहाजावर, त्याचे स्वतःचे सामान आणि माणसे दुसऱ्या लहान जहाजावर, आणि तो जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर थांबलेला. वादळ उठले. मोठे जहाज फुटले, त्यावरची माणसे गेली. ते पाहून लहान जहाजाने शिडे उभारली आणि ते निघून गेले. याच्याजवळ राहिले दहा दिनार आणि अंगाखालचा गालिचा. पुढे समुद्रात चाच्यांनी लुटले तेव्हा त्याची कित्येक टिपणेही गेली. सगळे पैसे एका जागी नसावेत, हे यापेक्षा जास्त स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही. आता तर पैसेही फोनमध्ये आणि तिकीटही फोनमध्ये! त्याची बॅटरी संपली की कालिकतच झाले. थोडी रोख रक्कम वेगळ्या खिशात, आणि कागदपत्रांची एक प्रत घरी.

मालदीव, सिलोन, बंगाल, सुमात्रा असे करीत तो चीनला पोहोचला, असे त्याने सांगितले आहे. चीनमध्ये तो किती आत गेला याविषयी अभ्यासक शंका घेतात. पण तेथील सरायांची जी व्यवस्था त्याने वर्णन केली ती फार मनोवेधक आहे. रात्री अधिकारी येऊन उतरलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून घेई आणि दरवाजा बंद करी. सकाळी पुन्हा नावे वाचून मोजणी होई, पुढच्या मुक्कामापर्यंत बरोबर माणूस दिला जाई, आणि सगळे सुखरूप पोहोचल्याचा दाखला तो माणूस परत आणी. आई दर तासाला फोन करते म्हणून मुले चिडतात. निघालो, पोहोचलो, खोली मिळाली, एवढे तीन निरोप ठरवून घेतले आणि ते न चुकता पाठवले तर दर तासाची गरज राहणार नाही.

कारण त्याच्या सबंध आयुष्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट निरोपाचीच आहे. १३४८ साली तो परतीच्या वाटेवर दमास्कसला आला. बावीस वर्षांपूर्वी तेथे तो आपली गरोदर पत्नी मागे ठेवून गेला होता. तिला मुलगा झाल्याचे त्याला हिंदुस्थानात असताना कळले होते. त्याने चौकशी केली, तर तो मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला होता. तेथेच तांजाकडचा एक विद्वान भेटला. त्याच्याकडून कळले की वडील जाऊन पंधरा वर्षे झाली, आई मात्र हयात आहे. त्या वर्षी सगळीकडे प्लेगने थैमान घातले होते. एकेका शहरात दिवसाला शेकड्यांनी माणसे मरत होती. तो शेवटचा हज करून घराकडे निघाला. १३४९ मध्ये मोरोक्कोच्या हद्दीत ताझा गावी आला तेव्हा बातमी मिळाली की आईही प्लेगमध्ये गेली. चोवीस वर्षांनी मुलगा तांजात शिरला तो आईच्या कबरीवर जाण्यासाठी. त्याच्यामागे तिने किती काळ वाट पाहिली, कोणा काफिल्याकडे त्याची चौकशी केली की नाही, याची कोठेही नोंद नाही. प्रवाशांची पुस्तके असतात, त्यांच्या आयांची नसतात.

यानंतरही तो अंदलुसला जाऊन आला, सहारा ओलांडून माली देशाला जाऊन आला. तेथील रस्ते इतके निर्धास्त की प्रवाशाला ना चोराची भीती ना जुलमाची, याची त्याने खास प्रशंसा केली. मग मोरोक्कोच्या सुलतानाने त्याला आपला सगळा प्रवास सांगायला बसवले. इब्न जुझय नावाच्या लेखकाने तो लिहून काढला आणि १३५५ च्या डिसेंबरात ते काम पुरे झाले. टिपणे गेलेली, त्यामुळे पुष्कळसे आठवणीवरून सांगितलेले. म्हणून त्यात काही तारखांचा घोळ आहे. पण तांजाहून निघाल्याचा दिवस त्याने नेमका सांगितला.

पुढे तो एका गावी काझी झाला, म्हणजे घरच्यांनी मुळात जे ठरवले होते तेच. १३६८ किंवा १३६९ मध्ये तो वारला. तांजाच्या जुन्या वस्तीत एका अरुंद गल्लीत त्याची म्हणून एक लहानशी कबर दाखवतात, आणि त्या शहराच्या विमानतळाला त्याचे नाव दिलेले आहे.